गोळी कोठे थांबते?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्याने विचारले, "अहो, वसंत ऋतूत लोक कोकिळेवर बोलतात. तुम्हाला बंदूकच कशी सुचली?" मी त्याला म्हटले, विषय मला सुचला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात मुळशीतल्या एका भातखाचराच्या बांधावर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

मुळशी तालुका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचे रान. मध्ये टाटांच्या धरणाचे पाणी. त्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपण शाळेत वाचलेले असते. ज्यांची तळातली भाताची खाचरे गेली त्यांतले कित्येक वर डोंगरउतारावर सरकले आणि तेथे जमेल तेवढी खाचरे, थोडी नाचणी, थोडी वरी असा संसार त्यांनी पुन्हा मांडला. अशाच एका खाचराच्या बांधावर मी उभा होतो. समोरचे आंबेमोहराचे पीक कापणीला आलेले होते. खरे म्हणजे आलेले असावयास हवे होते. निम्मे खाचर रानडुकरांनी लोळून, उकरून चिखलात घातले होते.

शेतकरी माझ्या ओळखीचा. त्याचे वडील माझ्या थोरल्या मामांच्या शिकारीत हाकारे म्हणून येत असत. तो म्हणाला, "नाना, मामांची ती मोठी बंदूक हाय न्हवं तुमच्याकडं? एक रात आणा की. येका बारात गप पडंल."

ती बंदूक माझ्याकडे होती. आणि मंडळी, खरे सांगतो, क्षणभर मला मोह झाला. त्या मोहाविषयी आणि मी त्याला जे उत्तर दिले त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम ती बंदूक म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. ती लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखानदारांनी १९१२ साली काढलेल्या .३७५ मॅग्नम जातीच्या काडतुसाची रायफल. 'मॅग्नम' हा शब्द लॅटिन. त्याचा अर्थ 'मोठा'. इंग्रज लोक दुप्पट दारू मावणाऱ्या मद्याच्या बाटलीला मॅग्नम म्हणत, तोच शब्द पुढे काडतुसाला लागला. दारू दोन्हीकडे आहेच, परिणामही दोन्हीकडे बेतानेच घेतलेले बरे! गोळीची जाडी तेवढीच ठेवून तिच्यामागची पितळी नळकांडी मोठी करावयाची, तीत अधिक दारू भरावयाची आणि गोळीला अधिक वेग द्यावयाचा, ही मॅग्नमची साधी कल्पना. त्या काळी ही दारू म्हणजे कॉर्डाइट. तिच्या शेवयांसारख्या लांब काड्या असत. त्या मावाव्यात म्हणून नळकांडी लांब केली, आणि उष्ण देशात दाब वाढला तरी ती नळीत अडकू नये म्हणून तिला निमुळता उतार दिला. बुडाशी एक पितळी पट्टा ठेवला, की काडतूस नळीत नेमक्या जागी टेकावे. हिंदुस्थान आणि आफ्रिका डोळ्यांपुढे ठेवूनच ही रचना झाली होती.

आता तिचे बळ ऐका. गोळीचे वजन तीनशे ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास.  परंतु ती नळीतून सेकंदाला सुमारे साडेसातशे मीटर वेगाने बाहेर पडते. आवाजाचा वेग याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ज्याला गोळी लागते त्याच्या कानी बार नंतर पोचतो. तिच्यातली शक्ती किती म्हणाल, तर पन्नास किलोचे तांदळाचे पोते तिमजली वाड्याच्या गच्चीवरून, सुमारे अडतीस फुटांवरून, खाली सोडले तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जेवढी असेल तेवढी. ती सगळी बोटाएवढ्या धातूच्या टोकावर एकवटलेली. आणि आकाशाकडे तिरपी सुटली तर ती गोळी चार किलोमीटरांपर्यंत जाऊ शकते. हा चार किलोमीटरांचा आकडा कृपा करून ध्यानात ठेवा. माझ्या व्याख्यानाचे सार त्यातच आहे.

अशी हत्यारे आपल्या देशात कोणाच्या हाती होती? १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. बंदूक ही साहेबाची, संस्थानिकाची, फार तर इनामदाराची वस्तू झाली. शिवाय सरकारला आणखी एक भीती होती. लष्करी बंदुकीत चालेल अशी गोळी प्रजेच्या हाती पडू नये. म्हणून १९०७ साली .४५० व्यासाच्या रायफलींना हिंदुस्थानात मज्जाव झाला आणि विलायतेतल्या कारखानदारांना शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० असे नवेच आकार काढावे लागले. लष्कराची .३०३ प्रजेला वर्ज्य, म्हणून प्रजेसाठी .३१५. ही .३१५ स्वातंत्र्यानंतर आपल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि तिची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. १८६९ सालापासून उभ्या असलेल्या त्या कारखान्याच्या भिंतीवरून आपण कितीदा तरी सायकली हाकल्या असतील.

माझ्या मामांनी ती मॅग्नम १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून रीतसर परवान्यावर घेतली. मामा वकील होते, सज्जन होते, आणि बंदुकीच्या बाबतीत अतिशय शिस्तीचे होते. शिकारीहून परत आल्यावर मामींनी चहासाठी ठेवलेले आधण आधी बंदुकीच्या नळीत जावयाचे आणि मग चहा. कारण त्या वेळच्या काडतुसांच्या टोप्यांतला क्षार नळीत राहिला, तर मुळशीच्या हवेत एका रात्रीत गंज धरीत असे. नळीत उकळते पाणी ओतावयाचे, फडक्याने कोरडी करावयाची, तेलाचा हात फिरवावयाचा. मामी म्हणत, "घरात पहिला मान सवतीचा."

मी सतरा वर्षांचा असताना मामांनी ती मला पहिल्यांदा उडवू दिली. समोर मातीची उंच दरड, तिच्यावर रॉकेलचा डबा. मामांनी सांगितले, "दस्ता खांद्यात घट्ट रोव, श्वास अर्धा सोड, माशी डब्याच्या बुडाशी आण आणि चाप ओढू नकोस, दाब." मी तसे केले. त्यानंतर काय झाले ते मला सांगता येत नाही. सव्वाचार किलोची ती बंदूक मेंढ्याने धडक द्यावी तशी मागे आली, कानात घंटा वाजू लागल्या, आणि डबा जागच्या जागी हसत उभा! खांदा चार दिवस काळानिळा होता. दुसऱ्या बाराच्या वेळी मामांनी गुपचूप रिकामे काडतूस भरून दिले. मी चाप दाबला मात्र, बार नसतानाही माझे डोळे मिटले आणि नळी चार बोटे खाली गेली. मामा म्हणाले, "पाहिलेस? गोळी सुटण्यापूर्वीच तू घाबरतोस. बंदूक जितकी मोठी तितका नेम खोटा. आधी लहान बंदुकीवर हात बसू दे."

ही गोष्ट नवशिक्यालाच लागू आहे असे नाही. पुष्कळांना वाटते की बळ अधिक असले म्हणजे नेम थोडा चुकला तरी चालते. खरा प्रकार उलटा आहे. धक्का वाढला की शरीर आपोआप बिचकते, आणि बिचकलेल्या हाताची गोळी जनावराच्या पोटात किंवा पायात बसते. असे जनावर रात्रभर रानात तडफडते, किंवा दुसऱ्या दिवशी सरपणाला गेलेल्या बाईवर धावून येते.

आता १९६३ सालच्या कार्तिकातली हकिगत सांगतो. त्या वेळी शिकारीचा परवाना मिळत असे आणि मामांकडे तो होता. गावकऱ्यांनीच डुकरांसाठी बोलावणे धाडले होते. कारवीच्या रानात हाका घातला. मामा एका खडकावर बसले होते, मी त्यांच्या मागे. मध्ये ओढ्याची खोल घळ आणि पलीकडे गवताचा उतार. मामांपाशी त्या दिवशी मऊ टोकाच्या गोळ्या नव्हत्या. परदेशी काडतुसे मिळणे तेव्हा दुरापास्त झाले होते. पेटीत उरली होती ती पूर्ण कवचाची घट्ट गोळी. ती गव्यासारख्या प्रचंड जनावराच्या हाडातून आरपार जावी म्हणून केलेली असते. मामा क्षणभर घुटमळले, मग "आहे ते वापरू" म्हणाले. एवढ्या शिस्तीच्या माणसाचे हे एकच वाक्य मला आजही आठवते.

डुक्कर कारवीतून सुटले आणि घळीच्या कडेने आडवे धावले. मामांनी बार टाकला. नेम उत्तम होता. डुक्कर जागेवर कोसळले. हाकाऱ्यांनी आरोळी ठोकली. आणि त्या आरोळीच्या पाठोपाठ घळीच्या पलीकडून दुसरी एक किंकाळी आली.

समोरच्या उतारावर एका धनगराच्या म्हशी चरत होत्या. आमच्या जागेवरून त्या गवतात दिसतही नव्हत्या. गोळी डुकराच्या छातीतून आरपार निघून, घळ ओलांडून, चारपाचशे पावलांवर एका गाभण म्हशीच्या मानेत शिरली होती. आम्ही धावत पोचलो तेव्हा म्हैस शेवटचे पाय झाडीत होती. तिच्यापासून दोन हातांवर सातआठ वर्षांचा एक पोरगा गवतात बसला होता. त्याच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. तो रडत नव्हता. तो आमच्याकडे नुसता पाहत होता.

मामांनी म्हशीची किंमत त्याच संध्याकाळी दिली, वर आणखी काही दिले. धनगराने हात जोडले, "देवानं राखलं" म्हणाला आणि प्रकरण मिटले. कायद्याने मिटले, गावाने मिटवले. मामांच्या मनात ते मिटले नाही. घरी आल्यावर त्यांनी नळीत आधण ओतले, बंदूक पुसली, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवला, आणि त्यानंतर १९८४ साली त्यांचे निधन होईपर्यंत तिचा एकही बार काढला नाही. एकदाच मला म्हणाले, "नेम चुकला असता तर मी स्वतःला क्षमा केली असती. नेम बरोबर होता, आणि गोळीचा उरलेला प्रवास मी हिशेबात धरला नव्हता."

पुढे काळच बदलला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदही गेली. ज्या देशात १९४७ साली अखेरचे तीन चित्ते एका रात्रीत एका महाराजांच्या बंदुकीने मारले गेले, त्या देशाला हे शहाणपण उशिराच सुचले म्हणावे लागेल. २०१३ साली ताम्हिणीचे रान अभयारण्य झाले. बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू यांना कायद्याचे छत्र मिळाले.

वारसाने रायफल माझ्याकडे आली. वारसाने मिळाली तरी परवाना वारसाने मिळत नाही, तो स्वतःच्या नावावर नव्याने काढावा लागतो आणि तोवर शस्त्र जमा ठेवावे लागते. मी ते सारे केले. पोलिसांत जबाब दिला, कुलपाचे कपाट केले, मुदत संपली की नूतनीकरण केले. तीस-पस्तीस वर्षांत मी ती मोजून नऊ वेळा उडवली, तीही मागे मातीचा बंधारा असलेल्या मैदानावर, रीतसर परवानगी घेऊन. त्यात आनंद नव्हता असे म्हणणार नाही. अक्रोडाच्या लाकडाचा तो दस्ता, तेलात न्हालेल्या सुईसारखा सरकणारा बोल्ट, आणि इतक्या वर्षांनंतरही शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत पडणारी गोळी. चांगल्या कारागिराची वस्तू हाती आली की जो आदर वाटतो, तो मला वाटत असे. ज्यांना बंदुकीची आवड आहे त्यांना मी रानटी समजत नाही.

परंतु नेमबाजीची खरी कसोटी पाहावयाची असेल तर त्याच मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जावे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले. तेथे मुले-मुली .२२ च्या लहान रायफलीने पन्नास मीटरांवर नेम धरतात. लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम साडेदहा मिलिमीटर. त्यांच्या गोळीत माझ्या मॅग्नमच्या चाळिसाव्या हिश्शाइतकीच शक्ती असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच पन्नास मीटरांच्या, तीन आसनांच्या प्रकारात. तेथे प्रत्येक गोळी कोठे जाऊन थांबणार हे चाप दाबण्यापूर्वीच निश्चित केलेले असते. लक्ष्यामागे भिंत असते. मनुष्याने बंदुकीशी कसे वागावे याचा तो धडा आहे.

आता पुन्हा त्या खाचराच्या बांधावर येऊ. शेतकऱ्याचे दुःख खोटे नव्हते. शहरात बसून वन्यजीवांवर प्रेम करणे सोपे असते, कारण त्या प्रेमाचा खर्च डोंगरावरचा माणूस भरतो. चार महिने चिखलात पाय ठेवून वाढवलेले पीक एका रात्रीत गेल्यावर त्याने बंदूक मागितली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. आणि त्याला कोणीच साह्य केले नाही तर तो काय करतो, हेही ठाऊक असलेले बरे. कोणी कुंपणात विजेची तार सोडतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो. मग डुक्कर राहते बाजूला आणि शेजाऱ्याचा बैल, कुत्रे, कधी माणूस मरतो.

मी त्याला विचारले, "तुझ्या खाचरापासून चार किलोमीटरांत काय काय आहे?" तो हसून मोजू लागला. त्याची वाडी, पलीकडची वाडी, शाळा, घाटाचा रस्ता, पुणेकरांचे पंधरावीस बंगले, तळ्याकाठची खानावळ. मग त्याचे हसू थांबले. मी म्हटले, "बंदूक माझी, परवाना माझा, पण रात्रीच्या अंधारात त्या गोळीचा मालक कोणीच नसतो. तुझ्या वडिलांना विचारले असतेस तर त्यांनी तुला त्या म्हशीची गोष्ट सांगितली असती." तो म्हणाला, "सांगितलीया, नाना. पर पोटाला काय सांगू?"

या प्रश्नाला नुसता नकार हे उत्तर होत नाही. म्हणून आम्ही दोघे मिळून कायद्यात काय आहे ते पाहू लागलो, आणि मला सांगावयास समाधान वाटते की तेथे पुष्कळ शहाणपण आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय ठेवली आहे. ती का? तिची गोळी आखूड पल्ल्याची असते म्हणून. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखात्याकडे अर्ज करून परवानगी घेण्याचा मार्ग ठरवून दिला. अर्थात अभयारण्याच्या हद्दीबाहेर. नुकसानभरपाईची तरतूदही आहे. मात्र पंचनामा वेळेवर झाला पाहिजे, आणि डोंगरावरच्या माणसाला अर्ज लिहून देणारा कोणी तरी पाहिजे. अर्ज मी लिहिला. माझे वकिलाचे घराणे त्या दिवशी कामास आले.

परवानगी मिळाल्यावर गावातल्याच एका परवानाधारकाने बारा बोअरची बंदूक घेऊन उंच माळ्यावर बसावयाचे ठरले. माळा उंच असला की नळी खाली झुकते, आणि जनावराच्या मागे माती येते. छर्रे काही शेकडो पावलांत दम तोडतात. चार रात्री डुक्कर आलेच नाही. पाचव्या रात्री एक पडले, बाकीची पांगली. वाडीतल्या तरुणांनी पाळीपाळीने राखण सुरू केली. उरलेले निम्मे पीक घरात आले. हा काही मोठा विजय नव्हे. पण त्या पाच रात्रींत पलीकडच्या वाडीतले लेकरू निर्धास्त झोपले, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

त्याच हिवाळ्यात मी रायफल शेवटची साफ केली. नळीत आधण ओतले, फडके फिरवले, तेलाचा हात दिला, आणि ती सरकारजमा करून परवाना परत केला. ज्या वस्तूचा योग्य उपयोग करावयास मला आता जागाच उरली नव्हती, ती केवळ अभिमानाखातर कपाटात ठेवावी आणि माझ्यामागून एखाद्या उतावळ्या नातवाच्या हाती पडू द्यावी, हे मला रुचले नाही. कागदावर सही करताना हात किंचित थरथरला, हेही कबूल करतो.

मंडळी, आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी बंदूक असेल, आणि मॅग्नम तर एखाद्याच्याच. पण वेगवान मोटार सर्वांच्या दारी आहे, लग्नाच्या वरातीत आकाशाकडे बार काढणारे हौशी अजून आहेत, आणि मुळशीत बंगला बांधून "संरक्षणासाठी एखादी चांगली रायफल घ्यावी काय?" असे मला विचारणारेही भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो: घेण्यापूर्वी आपल्या अंगणात उभे राहा, चारी दिशांना चार किलोमीटरपर्यंत चालत जा, आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येक माणसाचे नाव विचारून या. मग परवान्याचा अर्ज भरा.

भाकरी हातात धरून बसलेला तो मुलगा आज सत्तरीच्या आसपास असेल. तो कोठे आहे मला ठाऊक नाही. पण जेव्हा जेव्हा मी ती बंदूक खांद्याला लावली, तेव्हा तेव्हा माशीच्या पलीकडे, लक्ष्याच्याही पलीकडे, तो मला दिसत असे. माझा नेम त्यामुळे कधी बिघडला नाही. उलट बंदूक कधी खाली ठेवावयाची, हे मला त्यानेच शिकवले.